विश्लेषण : जास्त शिकल्याने बुद्धी खरेच वाढते का?

हुशार मुले जास्त शिकतात, की जास्त शिकल्यामुळे मुले हुशार होतात? या जुन्या वादाचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर नॉर्वेत मिळाले.

नॉर्वेत काय घडले?

१९५५ ते १९७२ या काळात तेथे सक्तीचे शिक्षण ७ वरून ९ वर्षांचे झाले. मात्र हा बदल सर्व गावांत एकाच वेळी झाला नाही. त्यामुळे एकाच वयाच्या काही मुलांना दोन वर्षे जादा शाळा मिळाली, काहींना नाही. पुढे सुमारे १९व्या वर्षी लष्करभरतीत मुलांची बुद्धिचाचणी होत असे. ते गुण तपासणारा अभ्यास २०१२ मध्ये आला. शाळेच्या एका जादा वर्षामागे बुद्ध्यांक सरासरी ३.७ गुणांनी वाढल्याचे त्यात दिसले.

परिणाम टिकतो का?

स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे १ ते ५ गुणांची वाढ दिसली आणि तिचा परिणाम उतारवयातही आढळला. अर्थात, बुद्ध्यांक म्हणजे सगळी बुद्धी नव्हे.

आपल्यासाठी महत्त्वाचे काय?

नॉर्वेतील ती जादा वर्षे साधारण १४ ते १६ या वयातली होती. आपल्या शिक्षण हक्क कायद्याची मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी मात्र १४व्या वर्षीच संपते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी आठवीनंतर घरी बसली, तर तिचे केवळ दहावीचे प्रमाणपत्र हुकत नाही. विचारशक्ती घडण्याची वर्षेही हातची जातात.