अल्पवयीन व तरुण मातांचे प्रसूतिस्थळ

अल्पवयीन व तरुण मातांचे प्रसूतिस्थळ म्हणजे विशीच्या आत किंवा विशीच्या सुरुवातीला माता होणारी स्त्री ज्या ठिकाणी बाळंत होते ते ठिकाण होय. माहेरचे किंवा सासरचे घर, आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, खाजगी प्रसूतिगृह किंवा कामाच्या जागी उभारलेली तात्पुरती खोप यांपैकी कोणतेही ठिकाण प्रसूतिस्थळ ठरू शकते. ते ठरताना वैद्यकीय गरजेबरोबरच रूढी, कुटुंबातील निर्णयाधिकार, अंतर, खर्च, रुग्णालयातील वागणूक आणि कायदा या घटकांचा प्रभाव पडतो. वय जितके कमी, तितकी प्रसूतीतील जोखीम अधिक असते. परंतु त्याच वयामुळे मातेचा निर्णयातील वाटा कमी होतो आणि काही नियमांमुळे ती रुग्णालयापासून दूरही राहते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

वय आणि जोखीम

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वर्षे वयाच्या मातांमध्ये गरोदरपणातील झटके आणि प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग यांचे प्रमाण वीस ते चोवीस वर्षांच्या मातांपेक्षा अधिक असते. त्यांची बाळे अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची जन्मण्याची शक्यताही अधिक असते. कटिभागाची वाढ पूर्ण झालेली नसल्यास प्रसूती अडण्याचा धोका असतो. अशा वेळी रक्तपुरवठा, शस्त्रक्रिया व नवजात बालकावरील उपचार यांची सोय जवळ असणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील बहुतेक प्रसूती घरातील बाळंतिणीच्या खोलीत, सुईणीच्या हातून होत असत. पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेणे अनेक कुटुंबांना मान्य नव्हते. डॉ. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला व तो अवघे दहा दिवस जगला. पुढे त्या अमेरिकेत वैद्यकशास्त्र शिकल्या आणि इ.स. १८८६ मध्ये पदवीसाठी त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व बालकांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

विवाहाच्या वयाचा कायदाही टप्प्याटप्प्याने बदलला. इ.स. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी किमान वय १४ वर्षे ठरविले, इ.स. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ वर्षे झाले.

माहेरी बाळंतपणाची प्रथा

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही महाराष्ट्रातील सर्वत्र आढळणारी रूढी आहे. साधारणतः सातव्या महिन्यात ओटी भरून, डोहाळजेवण करून मुलीला माहेरी नेतात आणि प्रसूतीनंतर सव्वा महिना किंवा त्याहून अधिक काळ ती तेथेच राहते. कामापासून विश्रांती, आईची सोबत आणि मोकळेपणा हे या प्रथेचे फायदे आहेत. तरुण मातेच्या दृष्टीने तर आपले दुखणे संकोच न करता सांगता येईल असे घर बहुधा माहेरच असते.

या प्रथेची दुसरी बाजू आरोग्यसेवेशी संबंधित आहे. गरोदरपणाची नोंदणी व सुरुवातीच्या तपासण्या सासरच्या गावी होतात, तर प्रसूती दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात होते. माता व बाल संरक्षण कार्ड सासरी राहिले, तर रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब इत्यादी नोंदी नव्या डॉक्टरांना मिळत नाहीत. माहेरच्या आशा कार्यकर्तीला गावात आलेल्या गरोदर मुलीची माहिती उशिरा होते. माहेर दुर्गम भागात असेल, तर सासरजवळचे रुग्णालय सोडून मुलगी सोयींपासून दूर जाते. म्हणून माहेरी जाताना कार्ड बरोबर नेणे व तेथील आरोग्य केंद्रात पुन्हा नाव नोंदविणे महत्त्वाचे असते.

निर्णय कोणाचा

प्रसूतीसाठी कोठे जायचे, हे नवविवाहित मुलगी क्वचितच एकटीने ठरवते. सासू, पती, सासरे आणि माहेरची वडीलधारी माणसे यांचा शब्द अखेरचा असतो. सासूची स्वतःची सर्व बाळंतपणे घरी सुखरूप झाली असल्यास रुग्णालयाचा खर्च तिला अनावश्यक वाटू शकतो. याउलट घरात एखादा मातामृत्यू किंवा अर्भकमृत्यू घडला असल्यास तेच कुटुंब आधीपासून रुग्णालयाची तयारी ठेवते. मुलीचे शिक्षण, तिच्या हाती असलेला पैसा व मोबाइल आणि आशा कार्यकर्तीशी तिचा थेट संपर्क यांमुळे तिचे मत विचारात घेतले जाण्याची शक्यता वाढते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी इ.स. १९९४ मध्ये मातामृत्यूमागील तीन विलंबांची मांडणी केली. उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातील विलंब आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब, असे हे तीन विलंब होत. अल्पवयीन मातेच्या बाबतीत पहिला विलंब विशेष महत्त्वाचा असतो. कळा कशा असतात, पाणी जाणे म्हणजे काय, याची तिला पूर्वकल्पना नसते आणि दुखणे सांगितल्यावरही निर्णय इतरांच्या हाती असतो.

अंतर आणि वाहतूक

नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याचे पाडे, अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आणि गडचिरोलीतील जंगलभाग येथे पावसाळ्यात ओढे-नाले भरून रस्ते बंद पडतात. काही पाड्यांवरून गरोदर स्त्रीला झोळीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा भागांसाठी राज्य शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ ही सोय केली आहे. अपेक्षित तारखेपूर्वी काही दिवस गरोदर स्त्रीने नातेवाइकासह तेथे येऊन राहावे, असा तिचा उद्देश आहे. परंतु घरी लहान मूल, गुरे किंवा शेतीचे काम असल्यास आधी येऊन राहणे अनेकींना जमत नाही. महाराष्ट्रात इ.स. २०१४ पासून १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. १०२ क्रमांकाची सेवा माता व बालकांच्या वाहतुकीसाठी आहे.

खर्च आणि शासकीय योजना

दवाखान्यातील प्रसूतीला उत्तेजन देण्यासाठी केंद्र शासनाने १२ एप्रिल २००५ रोजी जननी सुरक्षा योजना सुरू केली. संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण कमी असलेल्या राज्यांत ग्रामीण भागातील मातेला १,४०० रुपये दिले जात. महाराष्ट्राचा समावेश दुसऱ्या गटात असल्याने येथे दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या ग्रामीण मातांना ७०० रुपये व शहरी मातांना ६०० रुपये मिळत.

या दुसऱ्या गटातील राज्यांत दारिद्र्यरेषेखालील मातांसाठी आरंभी वय किमान १९ वर्षे असण्याची व दोन अपत्यांची अट होती. बालविवाहाला व वारंवारच्या बाळंतपणांना उत्तेजन मिळू नये, हा त्यामागील विचार होता. मात्र सतराव्या-अठराव्या वर्षी माता होणाऱ्या मुलीचा विवाह आधीच होऊन गेलेला असे. अटीमुळे तो टळत नसे. वगळली जात असे ती सर्वाधिक जोखमीची प्रसूती. मे २०१३ मध्ये या दोन्ही अटी काढून टाकण्यात आल्या. इ.स. २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मात्र किमान वयाची अट ठेवलेली आहे.

१ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि येण्याजाण्याचे वाहन विनामूल्य आहे. वयाची अट नाही. तरीही सोबतच्या माणसाचा बुडणारा रोज आणि राहण्याजेवणाचा खर्च कुटुंबाला सोसावा लागतो.

रुग्णालयातील वागणूक

प्रसूतिकक्षात दरडावणे, वयावरून टोमणे मारणे, खाजगीपणा न राखणे आणि नातेवाईक स्त्रीला आत येऊ न देणे यांचा परिणाम पुढील अनेक बाळंतपणांवर होतो. अशा अनुभवाची वार्ता वस्तीत पसरते आणि इतर स्त्रियाही तेथे जाण्याचे टाळतात. इ.स. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या केंद्रीय कार्यक्रमात प्रसूतिकक्षाच्या दर्जाबरोबरच मातेला सन्मानाची वागणूक आणि प्रसूतीच्या वेळी सोबतीण यांवर भर देण्यात आला आहे.

शस्त्रक्रियेची भीती हेही रुग्णालय टाळण्याचे एक कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी–५ नुसार भारतात खाजगी संस्थांमधील ४७.४ टक्के, तर शासकीय संस्थांमधील १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या.

कायदा आणि अल्पवयीन माता

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार बालविवाह लावणे हा गुन्हा आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर, डॉक्टरांवरही, पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील पत्नीशी केलेला संभोग हा बलात्कार ठरतो, असा निर्णय दिला.

या तरतुदी मुलींच्या संरक्षणासाठी आहेत. परंतु सोळा-सतरा वर्षांची विवाहित मुलगी गरोदर असते, तेव्हा रुग्णालयात जाणे म्हणजे पतीवर व दोन्हीकडच्या आईवडिलांवर खटला ओढवून घेणे, असे कुटुंबाला वाटते. मग वय वाढवून सांगणे, नोंदणी टाळणे, दूरच्या गावी नेणे किंवा घरीच सुईणीला बोलावणे असे मार्ग पत्करले जातात. वय लपविल्यामुळे जोखमीची माता म्हणून तिची नोंद होत नाही व तिच्याकडे आवश्यक ते लक्ष दिले जात नाही. पोलिसांना कळविणे बंधनकारक असले, तरी पोलिसांचा अथवा न्यायालयाचा कागद आणल्याशिवाय तातडीचे उपचार करणार नाही, अशी भूमिका डॉक्टरांना घेता येत नाही.

स्थलांतरित ऊसतोड कामगार

बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो कामगार ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम पतिपत्नीच्या जोडीला एक ‘कोयता’ मानून उचल देतो. जोडीने काम मिळत असल्यामुळे लवकर विवाह करण्याकडे कल वाढतो. कामावर न गेल्यास खाडा धरून पैसे कापले जातात. परिणामी अनेक तरुण स्त्रिया दिवस भरेपर्यंत तोडणी करतात आणि काहींची प्रसूती फडात किंवा कोपीतच होते. त्यांची नोंदणी मूळ गावी झालेली असते आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राला त्या अपरिचित असतात.

आकडेवारी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण इ.स. २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते, ते इ.स. २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाले. याच काळात महाराष्ट्रातील प्रमाण ६४.६ टक्क्यांवरून ९४.७ टक्क्यांवर गेले. इ.स. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला आढळला. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या किंवा गरोदर होत्या.

घरी झालेल्या प्रसूती व नवजात बालकांची काळजी

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. इ.स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या पद्धतीमुळे ३९ गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. इ.स. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत अशा गृहभेटींचा कार्यक्रम स्वीकारला. त्यात रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी ठरविल्या आहेत. घरी जन्मलेल्या बाळाची पहिली भेट जन्माच्या दिवशीच द्यावयाची असते. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेल्या अल्पवयीन मातेच्या बाळासाठी ही भेट बहुधा आरोग्यव्यवस्थेशी येणारा पहिला संबंध असते.