लाइट आली, आणि ती बोलली

(शेवट सांगणार आहे. कथा आधी वाचायची असेल तर इथेच थांबा!)

आजची कथा झुंपा लाहिरींची ‘अ टेम्पररी मॅटर’, १९९९ च्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ मधली पहिली. बॉस्टनमधलं बंगाली जोडपं, शोभा आणि शुकुमार. बाळ जन्मतःच गेलंय. तेव्हापासून दोघं एका घरात राहून एकमेकांना टाळतायत. मग नोटीस येते: पाच दिवस, रात्री आठपासून तासभर लाइट जाणार.

अंधार म्हणजे दुःख, हे आपलं शाळेपासूनचं पाठांतर. इथे उलटंच आहे. अंधारात चेहरा दिसत नाही, म्हणून दोघं रोज एकेक लपवलेली गोष्ट सांगतात. पहिल्या रात्री घरात धड मेणबत्ती नसते; वाढदिवसाच्या केकवरच्या चिमुकल्या मेणबत्त्या तो कुंडीतल्या मातीत खोचतो. बाळ गेलेल्या घरात, वाढदिवसाच्या मेणबत्त्या!

मला मात्र जास्त लागलं ते स्वयंपाकघर. पूर्वी कधीही पाहुणे येवोत, शोभाचं फडताळ भरलेलं असायचं. आता तो तेच साठवलेलं काढून रांधतो, आणि ती नवं काही भरत नाही. तिच्या आधी बरण्याच सांगून टाकतात.

पाचव्या दिवशी लाइन दुरुस्त झालेली असते. जेवण झाल्यावर शोभा मेणबत्ती विझवते, लाइट लावते आणि सांगते, की तिने वेगळं घर घेतलंय. मग तोही सांगतो: मुलगा होता, मी त्याला हातात घेतलं होतं.

ती लाइट बंद करते. आधीचा अंधार वीज कंपनीचा होता, हा तिचा स्वतःचा. दोघं एकाच टेबलाशी बसून रडतात. वेगळे होतात की नाही, ते लाहिरींनी लिहिलेलं नाही.