जनुकीय समुपदेशक व्हायचंय? बारावीनंतरची वाट

आज बिबवेवाडीत समोर बारावी सायन्सची मुलं बरीच दिसतायत, मागे पालकही आहेत. म्हणजे 'नीटमध्ये मार्क कमी पडले तर काय' हा प्रश्न सभागृहात आहेच. जेनेटिक कौन्सेलर, म्हणजे जनुकीय समुपदेशक, व्हायला नीट लागतेच असं नाही. पण ही दुसऱ्या नंबरची वाट समजून कुणी येऊ नये, असं आम्हाला वाटतं.

काम नेमकं काय? थॅलेसेमिया घेऊ. नवरा-बायको दोघंही वाहक, ज्याला आपण मायनर म्हणतो. स्वतःला त्रास नाही, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. पण प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० आणि दोन्हींतून सुटण्याची २५. मेंडेलच्या वाटाण्यांचंच हे गणित, ते तुम्हाला येतं. अवघड पुढे आहे. समोरची बाई विचारते, 'पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली ना?' नाही. नाणं दर वेळी नव्यानेच उडतं. हे तिला कळेल असं, न घाबरवता सांगायचं. तेही शेजारी बसलेली सासू 'दोष सुनेकडचाच' म्हणत असताना. मेजर व्हायला दोन्हीकडून जनुक यावं लागतं, एवढं एक वाक्य नीट पोहोचलं तरी घरातलं बरंच काही बदलतं.

मग तीन पिढ्यांची वंशवेल काढायची. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, आणि सख्ख्या मामे-आतेभावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात. म्हणून 'लग्नाआधी तुमचं नातं होतं का?' हे विचारावंच लागतं. स्वर मात्र पोलिसाचा नको.

गर्भ ठेवायचा की नाही, हे कौन्सेलर ठरवत नाही. माहिती द्यायची, निर्णय जोडप्याचा. वेळ थोडा असतो. गर्भजल तपासणी साधारण पंधराव्या आठवड्यानंतरच होते. आणि मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा. त्यासाठीचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, म्हणजे देशाच्या १९९४ च्या कायद्याआधीच केला होता. जेनेटिक कौन्सेलिंग सेंटरचीही त्या कायद्याखाली नोंदणी लागते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. जीवशास्त्र घेऊन बारावी, मग बीएस्सी (प्राणिशास्त्र, बायोटेक, नर्सिंगही चालतं), त्यानंतर जेनेटिक कौन्सेलिंगमधली एमएस्सी. मणिपालला असा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षी बघून घ्या. नुसती जेनेटिक्सची एमएस्सी केली तर प्रयोगशाळा येईल, पेशंटशी बोलणं येणार नाही. जगातला या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रमच १९६९ चा, अमेरिकेतल्या सारा लॉरेन्स कॉलेजचा. तेव्हा शेजारच्या काकूंना तुमची डिग्री समजावून सांगण्याची तयारी ठेवा.

नोकरी फक्त पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत शोधू नका. सिकलसेल नंदुरबार, गडचिरोलीत आहे, आणि २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तिथे आमचं पुणेरी मराठी कितपत पोहोचणार? भिली, गोंडी, माडिया यांपैकी एखादी बोली कुणाला घरातूनच येत असेल, तर त्या मुलाने किंवा मुलीने व्याख्यान संपल्यावर आम्हाला जरूर भेटावं.