सरकत्या गाडीची साखळी

स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे नवजात अर्भकांच्या काविळीवर लेख मागितला होता. त्या विषयावर याच पानांतून मी पूर्वी दोनदा लिहिले आहे, आणि दरम्यानच्या काळात काविळीने आपले स्वरूप फारसे बदललेले नाही. म्हणून त्यांच्या क्षमेची अपेक्षा ठेवून यंदा मी अशा विषयाकडे वळतो, ज्याच्याशी छप्पन्न वर्षांच्या बालरोगतज्ज्ञाचा काही संबंध असेल असे कोणालाही वाटणार नाही : संगणकावरील मोटार शर्यतीच्या खेळात गाडी एका वळणातून दुसऱ्या वळणात, न अडखळता, आडवी सरकवत नेणे.

आमच्या चिरंजीवांनी अकरावीत असताना साठवलेल्या पैशांतून या खेळासाठी स्टिअरिंग आणि पेडल विकत घेतले होते. बारावीच्या वर्षी मी ते काढून घेतले आणि दवाखान्यातील कपाटात कुलूपबंद केले. ‘परीक्षा होईपर्यंत’ असा माझा शब्द होता. परीक्षा झाली, निकाल लागला, पण परत देणे राहून गेले; त्यानेही पुन्हा मागितले नाही. तो अभियांत्रिकीसाठी बाहेरगावी गेला आणि आमचे दूरध्वनीवरील संभाषण ‘फी भरली का’ आणि ‘मेसचे जेवण कसे आहे’ या दोन वाक्यांपर्यंत आक्रसले. गेल्या पावसाळ्यात कपाट आवरताना ते खोके हाती लागले. ते घरी आणून मी त्याच्या रिकाम्या खोलीतील टेबलाला स्टिअरिंग आवळले आणि संगणक सुरू केला. का, ते मला त्या क्षणी सांगता आले नसते.

खेळाचे नाव ‘अ‍ॅसेटो कोर्सा’. इटलीतील ‘कुनोस सिम्युलाझिओनी’ या संस्थेने तो 2014 मध्ये प्रकाशित केला. याला खेळ म्हणावे की गणित, असा प्रश्न पडतो. कारण टायरची पकड, स्प्रिंगांचे दबणे, वजनाचे पुढे-मागे सरकणे यांचा हिशेब तो क्षणोक्षणी करीत असतो आणि स्टिअरिंगमधील मोटर तो हिशेब आपल्या मनगटांपर्यंत पोहोचवते. राजवाड्याच्या गर्दीतून तीस वर्षे गाडी काढणाऱ्या माणसाला आपण उत्तम चालक आहोत असे वाटत असते. माझा हा समज साधारण चार सेकंद टिकला.

ही आडव्या सरकण्याची कला जपानची. 1970च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू वळणात गाडीचा मागचा भाग मुद्दाम घसरवत नेत. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन केइची त्सुचिया यांनी डोंगरी रस्त्यांवर हे तंत्र विकसित केले आणि ‘ड्रिफ्ट किंग’ ही पदवी मिळवली. पुढे या कलेच्या स्वतंत्र स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत केवळ घड्याळावर निकाल लागत नाही. गाडीने घेतलेली रेषा, तिचा कोन आणि तिची ऐट पाहून परीक्षक गुण देतात. शास्त्रीय गायनाच्या श्रोत्याला यात अपरिचित असे काही वाटू नये.

एकच वळण आडवे घेणे तुलनेने सोपे. मागची चाके पकड सोडतात, गाडी आतल्या बाजूला तोंड करून बाहेरच्या बाजूला सरकते आणि चालक पुढची चाके उलट, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासाच्या दिशेला, वळवून अ‍ॅक्सिलरेटरवर तोल सांभाळतो. हे मला आठवडाभरात जमले. खरी परीक्षा डावे वळण संपून उजवे सुरू होते त्या दुव्यात आहे. तेथे अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सैल करायचा. वजन पुढे येते, मागच्या चाकांना पकड गवसते, एका कुशीवर कललेली गाडी दुसऱ्या कुशीकडे झोकांडते आणि लंबकाप्रमाणे तिचा मागचा भाग पलीकडे फिरतो. हा झोका रोखायचा नाही, आणि त्याच्या स्वाधीनही व्हायचे नाही. तो पूर्ण होण्याच्या किंचित आधी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. उशीर झाला तर मागची चाके एकदम रस्ता धरतात आणि गाडी हिसका देऊन सरळ होते किंवा गरगर फिरते.

माझी गाडी गरगर फिरे. पहिल्या वळणात शोभिवंत, दुसऱ्याच्या तोंडाशी भोवरा. बीएमडब्ल्यूची जुनी ‘ई 30’ गाडी या खेळात ड्रिफ्टसाठी सज्ज करून दिलेली आहे. ती बिचारी माझ्या हाती एका संध्याकाळी किती वेळा फिरली असेल याची गणती नाही. 2012 मध्ये कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्यापैकी बालरोगतज्ज्ञांना आठवत असेल. नुकती चालू लागलेली मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी 2368 पावले टाकतात आणि 17 वेळा पडतात, असे त्यात आढळले. चिंताक्रांत मातांना मी हे आकडे अनेकदा ऐकवले आहेत. स्वतः तासाला सतराहून अधिक वेळा पडताना मात्र त्यांचा मला काडीचाही आधार वाटला नाही. मूल पडते तेव्हा त्याला लाज वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

तीन आठवड्यांनंतर मी हार मानली आणि चिरंजीवांना फोन केला. फीचा विषय नाही हे कळल्यावर तो काही क्षण गप्प राहिला. मग त्याने विचारले, “बाबा, दुव्यावर स्टिअरिंग घट्ट धरून ठेवता का?”

“अर्थात,” मी म्हणालो. “नाहीतर गाडी जाईल कुठे?”

“तिथेच चुकतंय. गाडी पलटी खाताना पुढची चाकं आपोआप प्रवासाच्या दिशेकडे वळायला बघतात. तुम्ही फक्त वाट मोकळी करा, स्टिअरिंग फिरू द्या आणि शेवटी झेला. आपली मोटर थोडी मंद आहे, म्हणून सुरुवातीला हाताने जरा ढकला.”

वर त्याने आणखी विचारले, “आणि बघता कुठे?” मी बॉनेटकडे बघत होतो. त्या रात्री आमचे संभाषण चाळीस मिनिटे चालले. त्यात जेवणाचा उल्लेख आला नाही.

बॉनेटकडे पाहणे हा दोष का आहे, हे मला वास्तविक ठाऊक असायला हवे होते. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी 1994 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले आहे, की वळणदार रस्त्यावर चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवरील स्पर्शबिंदूवर, आणि तीही वळण येण्याच्या एक-दोन सेकंद आधीच, स्थिरावते. डोळ्याने पाहून हाताने दुरुस्ती करायला सुमारे पाव सेकंद लागतो. गाडीचा झोका तेवढे थांबत नाही. म्हणून अनुमस्तिष्काला पुढचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि तो बांधण्यासाठी लागणारी सामग्री फक्त पुढे पाहणारा डोळाच पुरवतो. नवशिक्या निवासी डॉक्टरांना अर्भकाच्या श्वासनलिकेत नळी घालायला शिकवताना मी वर्षानुवर्षे ओरडत आलो आहे, “नळीकडे पाहू नकोस, स्वरतंतूंकडे पाहा, हात सैल ठेव.” ते मान डोलवत आणि नळीकडेच पाहत राहत. ते ऐकत नाहीत असे मी समजत होतो. आता वाटते, ते ऐकत होते. त्यांच्या हातांना अद्याप ऐकू आले नव्हते, इतकेच.

सल्ला समजल्यावरही पंधरा दिवस काही घडले नाही. रात्री जमेना, म्हणून चिडून झोपावे आणि सकाळी दवाखान्यापूर्वी दहा मिनिटे बसावे, तर रात्री न जमलेले दोन दुवे सहज जुळावेत, असे मात्र दोनतीनदा झाले. कौशल्याच्या दृढीकरणात निद्रेचा वाटा असतो हे आपण शिकलो आहोत. स्वतःच्या मनगटात त्याचा प्रत्यय येणे निराळे. त्यानंतर एका सकाळी स्टिअरिंग माझ्या तळहातांतून सळसळत गेले, मी ते झेलले आणि गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात उजवीकडे आडवी झाली. घरात सांगायला कोणी जागे नव्हते.

येथे एक खुलासा करतो, कारण हे पान पालकांच्याही हाती पडते. खेळाचे व्यसन ही कल्पित व्याधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी 2022 पासून लागू झाली असून तिच्यात या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, हानी दिसत असूनही खेळ चालूच राहणे, आणि हे सामान्यतः वर्षभर टिकणे, असे त्याचे निकष आहेत. असे रुग्ण मी पाहतो व त्यांना पुढील उपचारांसाठी पाठवतो. परंतु माझ्या मुलाच्या बाबतीत यातील एकही निकष मी तपासला नव्हता. कुलूप लावण्यापूर्वी मी त्याच्या खुर्चीमागे पाच मिनिटेही उभा राहिलो नव्हतो. रुग्णाला न तपासता औषध लिहिणाऱ्याविषयी आपण बैठकांतून काय बोलतो, ते येथे लिहीत नाही. सध्या एखादी आई “हा सारखा गेम खेळतो” म्हणून मुलाला घेऊन आली, तर मी प्रथम मुलालाच विचारतो, कोणता खेळ, आणि त्यात काय जमत नाही? मुले चकित होतात. काही तर बराच वेळ बोलतात आणि बाहेर ताटकळलेले रुग्ण कंटाळतात.

दिवाळीला चिरंजीव इंदूरला आले. खोलीत पाऊल टाकताच त्यांना टेबलावरचे स्टिअरिंग दिसले. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही नाही. रात्री फराळ झाल्यावर मी बसलो. तो मागे पलंगावर बसून पाहत होता. पहिले वळण, दुसरे, तिसरे, चौथे. चारही दुवे जुळले. पाचव्याला मी पुन्हा बॉनेटकडे पाहिले आणि गाडी गवतात जाऊन उलट तोंडाने उभी राहिली.

“चौथ्यालाच उशीर झाला होता,” तो म्हणाला. “उठा जरा, दाखवतो.”

मी उठलो आणि पलंगावर बसलो. टायरांचे किंचाळणे रात्री दीडपर्यंत चालू होते. अखेर सौभाग्यवतींनी दारात येऊन आम्हा दोघांनाही एकाच सुरात झोपायला सांगितले.