स्प्रिंगचा एक वेढा कापला तर...

विद्यार्थिमित्रांनो, एक प्रश्न विचारतो. वही-पेन्सिल न घेता उत्तर द्या. एका स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकला, तर उरलेली स्प्रिंग पहिल्यापेक्षा मऊ होईल की कडक?

जुनी स्पोर्ट्‌स मोटार घेऊन ती थोड्या पैशांत सजवणाऱ्या हौशी मंडळींपुढे हा प्रश्न नेहमी उभा राहतो. उदाहरणासाठी त्यांची एक लाडकी गाडी घेऊ. 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने एमएक्स-5 ही दोन आसनांची, टप उघडणारी छोटी मोटार मांडली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. 1.6 लिटरचे एंजिन पुढे, ढकलणारी चाके मागे, आणि वजन एक टनाच्या आत. तिचे पुढचे दिवे पापण्यांसारखे उघडत आणि मिटत. आज या गाड्या जुन्या झाल्या आहेत. त्या घेणाऱ्याला दोन गोष्टी खटकतात : विटलेला रंग, आणि टायर व मडगार्ड यांच्यामधली मोकळी जागा. गाडी जमिनीलगत बसलेली असली की ती चपळ दिसते ना!

रंगाचे काम सोपे आहे. उन्हापावसाने रंगाचा वरचा थर खडबडीत होतो, त्यावर पडलेला प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो आणि गाडी फिकी दिसते. बारीक पॉलिशने घासून पृष्ठभाग सपाट केला की प्रकाश पुन्हा आरशासारखा परावर्तित होतो. मात्र रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 0.1 मिलिमीटरच असते. तेव्हा घासायचे ते हात राखून.

गाडी खाली बसवणे मात्र इतके सोपे नाही. चांगल्या आखूड स्प्रिंगांना पैसे पडतात आणि करवत तर घरातच असते. तर मग कापावी का स्प्रिंग?

हिशेब करून पाहू. समजा, चाकाच्या थेट वर सहा वेढ्यांची, 30 सेंटिमीटर लांबीची स्प्रिंग आहे आणि तिच्यावर 250 किलोग्रॅम भार आहे. (खऱ्या गाडीत मध्ये तरफा असतात, त्या तूर्त सोडून देऊ.) हा भार वेढ्यांमध्ये वाटला जात नाही, प्रत्येक वेढ्याला तो पुरताच पेलावा लागतो. एक वेढा 1 सेंटिमीटर दबला, तर सहा वेढे मिळून 6 सेंटिमीटर दबतील. एक वेढा कापल्यावर त्याच भाराखाली पाच वेढे 5 सेंटिमीटरच दबतील. म्हणजे स्प्रिंग 20 टक्क्यांनी कडक झाली. मऊ म्हणणारे चुकले!

आता गाडी किती खाली आली? आधी भाराखाली स्प्रिंगची लांबी 24 सेंटिमीटर होती, आता 20. चार सेंटिमीटर! डोळ्यांना छान. पण खड्ड्यात चाक वर उचलले जाते, त्याला जागा हवी. आधी ती 9 सेंटिमीटर होती असे धरा, आता 5 उरली. तिच्या शेवटी रबराचा ठोकळा असतो. पूर्वी चाक तिथे आपटायला सुमारे 375 किलोग्रॅम जादा भार लागे, आता 250 पुरतो. कडकपणा वाढला खरा, पण जागा त्याहून जास्त गेली. भर वळणावर एखादे चाक ठोकळ्यावर आपटले, की स्प्रिंग जणू एकदम दगड होते आणि टायरची पकड सुटू शकते.

शिवाय शॉक ॲब्सॉर्बर राहिलाच. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. तो मूळ स्प्रिंगच्या बेताने केलेला असतो. स्प्रिंग कडक झाली की तो अपुरा पडतो आणि गाडी उसळत राहते. काहीजण तर स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने कापतात. लोहाराला विचारा, तो सांगेल : पोलाद असे तापले की त्याला दिलेले पाणी उतरते. त्या जागी स्प्रिंग कायमची बसते किंवा पुढे तुटते.

आणि एवढे करून मिळाले काय? गुरुत्वमध्य जमिनीपासून 46 सेंटिमीटरवर होता असे समजा. गाडी 4 सेंटिमीटर खाली आणली, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार जेमतेम 9 टक्क्यांनी घटतो. माझ्या मते मोजक्या पैशांतून आधी चांगले टायर घ्यावेत, मग थकलेले शॉक ॲब्सॉर्बर बदलावेत आणि चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. यातले काहीच दुरून दिसत नाही, हीच हौशी मंडळींची अडचण! पैसे उरले तर जोडीच्या शॉक ॲब्सॉर्बरसाठी बनवलेल्या, दोन-अडीच सेंटिमीटर खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा घ्याव्यात. (आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातल्या अशा फेरफारांवर बंधने घालते, हेही ध्यानात असू द्या.)

वेढ्यांचा हिशेब घरी ताडून पाहायचा आहे? सारखी दोन रबरबँडे घ्या. एकाला नाण्यांची छोटी पिशवी टांगून ताण मोजा. मग दोन्ही एकात एक अडकवून तीच पिशवी टांगा. ताण जवळजवळ दुप्पट येईल. रबर स्प्रिंगइतके शिस्तीचे नसते, म्हणून थोडा फरक पडेल. आता पिशवी किंचित खाली ओढून सोडा आणि दहा हेलकाव्यांचा वेळ घड्याळावर मोजा. एका रबरबँडाला लागणारा वेळ दोघांच्या निम्मा येत नाही, सुमारे सात दशांश येतो. तो तसा का येतो, हे तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या लंबकाच्या सूत्रात लांबीच्या जागी ताण घालून पाहा.