हिशोबाचं सॉफ्टवेअर विकणारे बाजार कसा आखतात?

लोणचं विकायचं तर चव देता येते. हिशोबाचं सॉफ्टवेअर चाखून दाखवता येत नाही. मग ते विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाईक कसं मिळवतात? गटाच्या डाळमिलला, तेलघाण्याला पक्की बिलं करायची म्हटली की सॉफ्टवेअरचा विषय निघतो. म्हणून हे आपल्याला माहीत हवं.

तालुक्याच्या गावी ‘टॅली शिका’ अशी पाटी आपण पाहतो. बेंगळुरूची ही कंपनी १९८६ साली सुरू झाली. श्यामसुंदर गोयंका कारखान्यांना, कापडगिरण्यांना माल पुरवायचे. आपल्या हिशोबाला सोयीचं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी ते मुलाकडून, भरत गोयंका यांच्याकडून करून घेतलं. अडचण आधी, माल नंतर. कंपनीची आखणी इथूनच सुरू होते.

पहिला प्रश्न, अडचण कोणाची? संगणकावरच्या हिशोबात तेव्हा खात्यांचे सांकेतिक आकडे लक्षात ठेवावे लागत. टॅलीने खातं नावाने लिहायची सोय केली. त्यामुळे कीर्द-खतावणी जाणणाऱ्या मुनीमजींनाही ते जमू लागलं.

दुसरा प्रश्न, वापरणार कोण आणि पैसे देणार कोण? वापरतो कारकून, पैसे देतो मालक. कारकुनाला सांगायचं, ‘बेरीज चुकणार नाही.’ मालकाला सांगायचं, ‘उधारी किती थकली ते लगेच दिसेल.’ माल एकच, पण बोलणं दोन तऱ्हेचं.

तिसरा प्रश्न, विश्वास कसा बसणार? इथे क्लास कामाला आले. शिकण्यापुरतं टॅली फुकट वापरता येतं, पण त्यात ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात. मुलंमुली ते शिकली. नोकरीच्या जाहिरातीत ‘टॅली येणे आवश्यक’ असं छापून येऊ लागलं. शिकलेली माणसं मिळतात म्हटल्यावर दुकानदारालाही तेच घेणं सोयीचं झालं. शिवाय अडलं तर येणारा विक्रेता जवळपास असतो.

चौथा प्रश्न, वेळ कोणती? १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि व्यापाऱ्यांना हिशोबाची पद्धत बदलावी लागली. अशा वेळेची तयारी कंपनीला आधीपासून करावी लागते.

पाचवा प्रश्न, पैसे कसे घ्यायचे? आता बऱ्याच कंपन्या सुरुवातीला फुकट देतात आणि पुढे दरवर्षी पैसे घेतात. एकदा सगळा हिशोब आत गेला की गिऱ्हाईक सहसा सोडून जात नाही, हे त्यांच्या आखणीत धरलेलं असतं.

म्हणून घेताना आपणही विचारायचं:

- पुढच्या वर्षी किती पैसे लागतील?
- अडलं तर मराठीत कोण सांगेल?
- सोडायचं ठरलं तर आपला सगळा हिशोब आपल्याला परत मिळेल का, आणि कसा?
- सभासदांचं कर्ज, बचत, फोन नंबर आणखी कोणाला दिसेल?

उत्तरं लेखी घ्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा. सुरुवातीचे तीन महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवा. महिनाअखेरीला ताळा जुळतो का पाहा. जुळला तरच पैसे भरा.

आणि हो, आपला मसाला विकतानाही हेच पाच प्रश्न पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारून बघा. खाणारं कोण, पैसे देणारं कोण, इथूनच सुरुवात करा.