जांबूर : भिंती नसलेलं सभागृह

माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या, खास करून हॉस्टेलवाल्यांच्या कामाचा आहे.

इंडोनेशियात सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात डोंगराळ पठारावर कारो लोक राहतात. त्यांच्या जुन्या घराचं नावच ‘सिवालूह जाबू’, म्हणजे आठ कुटुंबांचं घर. दोन कुटुंबांत एक चूल! (आम्हाला एका खोलीत तिघे झाले तरी भांडणं होतात.) एवढी माणसं एकत्र राहायची म्हणजे एक सामाईक जागा हवीच. ती म्हणजे जांबूर.

जुना जांबूर लाकडी खांबांवर उभा. जमिनीपासून उंच फळ्यांची बैठक, वर इजुकचं, म्हणजे एका ताड जातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंचं जाड छप्पर आणि टोकांना म्हशीची शिंगं. भिंती नाहीत. सिव्हिलवाल्यांनो, इथे लक्ष द्या : कारोंच्या जुन्या बांधकामात लोखंडी खिळा नसतो. लाकडात लाकूड अडकवायचं, वर दोरीने बांधायचं. खांब जमिनीत पुरत नाहीत, नुसते दगडावर टेकवतात. त्यामुळे लाकूड कुजत नाही आणि भूकंपात सांगाडा तुटण्याऐवजी थोडा हलून घेतो. आपण हेच ‘बेस आयसोलेशन’ म्हणून पाठ करतो.

पूर्वी लग्न न झालेली पोरं रात्री जांबूरमध्येच झोपायची, पाहुणेही तिथेच. थोडक्यात, बॉईज हॉस्टेल. लग्न, मयत, गावचा तंटा, सगळं इथेच. सगळे खाली चटईवर बसतात, पण कोण कुठे बसणार ते नात्यावर ठरतं. ज्यांच्या घरची मुलगी केली ते ‘कालिंबूबू’, त्यांना मानाची जागा. ज्यांना आपली मुलगी दिली ते ‘अनाक बेरू’. स्वयंपाक, वाढणं, बोलणी करणं सगळं त्यांच्याकडे. मला आवडलं ते पुढचंच. आज माझ्याकडे मानाने बसलेला माणूस उद्या दुसऱ्या कार्यात भात वाढत असतो. कायमचा साहेब कोणीच नाही.

जाता जाता : कारोंच्या पाच कुळांपैकी सेंबिरिंग कुळात ब्राह्मणा, चोलिया, पांडिया अशी आडनावं आहेत. दक्षिण भारताशी असलेल्या जुन्या संबंधांची ही खूण मानतात.

आता बहुतेक जांबूर सिमेंटचे, वर पत्रा. मेदान शहरात तर मोठमोठे जांबूर लग्नासाठी भाड्याने मिळतात आणि पारंपरिक वाद्यांच्या जागी बऱ्याचदा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. मला आधी वाटलं, संपलं सगळं. पण २०१० मध्ये जवळचा सिनाबुंग ज्वालामुखी जागा झाला. २०१३ मध्ये परत उद्रेक सुरू झाले आणि २०१४ च्या सुरुवातीला सुमारे ३० हजार माणसं घराबाहेर होती. त्यातली कितीतरी जांबूरमध्येच राहिली, महिनोन्‌महिने. उघड्या जागेत राख, थंडी, आडोसा नाही. हाल झालेच. पण गावाला कुठे जायचं हे शोधावं लागलं नाही.

गेल्या सेमिस्टरला रात्री दीड वाजता आमच्या विंगमधल्या एकाला वडील गेल्याचा फोन आला. पहिली गाडी पहाटे पाचला. खोलीत तिघांपलीकडे कोणी मावत नव्हतं आणि कॉमन रूमला टीटीचं टेबल मोडल्यापासून कुलूप. शेवटी आम्ही चौदा-पंधरा जण जिन्याच्या पायऱ्यांवर त्याच्याबरोबर बसून राहिलो. वॉचमनकाका दोनदा चहा घेऊन आले. त्यांनाही बसायला जागा नव्हती, ते उभेच.

रेक्टर सरांना अर्ज दिलाय. कॉमन रूम रात्रीही उघडी ठेवावी, टेबल नसलं तरी चालेल. चटया आम्ही वर्गणीतून आणतो, झाडायची पाळी विंगप्रमाणे लावू. अर्जाखाली ४१ सह्या आहेत. कागद मेसच्या नोटीस बोर्डाजवळ लावलाय, पेन दोरीला बांधून ठेवलंय.